एक वॉट पुरे

मागून जो सततचा आवाज येतोय ना, तो रेकॉर्डिंगमधला दोष नाही. सुरगाण्यात पाऊस चालू आहे आणि आमच्या घरावर पत्रे आहेत. चार महिने आमच्याकडे कुठलंही गाणं याच आवाजाशी भांडत वाजतं. म्हणून आजचा विषय घरातल्या गाणी ऐकायच्या सेटचा.

माझा सेट सांगतो. जुना घेतलेला छोटा ॲम्प्लिफायर, चॅनलमागे २० वॉटचा. दोन लाकडी स्पीकर, जेमतेम फूटभर उंचीचे. एक कॅसेट डेक आणि मोबाईल. खोली १० बाय १२. बस, एवढंच.

तीन वर्षांपूर्वी नाशिकला एका दुकानात कमरेएवढ्या उंचीचे स्पीकर ऐकले आणि माझं डोकंच फिरलं. घरी आल्यावर स्वतःचा सेट डब्यात वाजल्यासारखा वाटायला लागला. पोस्टात पैसे साठवायला लागलो आणि दोन वर्षांत साधारण ५५ हजार जमवले. रोज रात्री गाणी ऐकायची सोडून मी स्पीकरची परीक्षणं वाचत बसायचो. आता हसू येतं, पण खरंच तसं होतं.

पैसे जमल्यावर पुन्हा त्या दुकानात गेलो. या वेळी पेन ड्राइव्हवर घरचं एक रेकॉर्डिंग नेलं होतं. १९८८ सालची सी-६० कॅसेट, माझ्या आजोबांच्या पावरीची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावरी म्हणजे भोपळा, वेळूच्या नळ्या आणि मेण यांतून घडवलेलं आमच्या डोंगरातलं वाद्य. मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात ती वाजते. वाजवणारा गालात हवा धरून नाकानं श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही.

दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर ती वाजली आणि सुरामागे मला कुणाचा तरी श्वास ऐकू आला. अगदी जवळचा. मला वाटलं, आजोबांचा श्वास! अंगावर काटा आला. आता हा सेट घ्यायचाच, असं ठरवूनच बाहेर पडलो.

पण रात्री घरी आलो, पाऊस थांबला होता. सहज म्हणून दिवा मालवला, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, कानाच्या उंचीवर ठेवले आणि दोन्हींपासून सारख्या अंतरावर बसलो. समोरच्या भिंतीवर एक गोधडी टांगली. तीच फाईल लावली. श्वास होता! माझ्या सेटवरही तो पहिल्यापासून होता. इतक्या वर्षांत मीच नीट बसून ऐकलं नव्हतं.

मग थोडं गणित केलं. माझ्यासारख्या छोट्या स्पीकरला एक वॉट दिला, की एक मीटरवर साधारण ८६ डेसिबल आवाज मिळतो. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल कमी होतात. म्हणजे दोन मीटरवर ८०. घरात ऐकायला हा आवाज भरपूर झाला. शक्ती दुप्पट केली तर फक्त ३ डेसिबल वाढतात. आवाज कानाला दुप्पट वाटायचा, तर जवळपास दहापट शक्ती लागते. थोडक्यात, माझे वीस वॉटसुद्धा बहुतेक वेळ रिकामेच बसलेले असतात.

खोटं नाही बोलणार. ढोलाचा खालचा ठोका माझ्या स्पीकरवर अर्धाच येतो. मोठ्या स्पीकरवर तो छातीत लागतो. तो फरक खरा आहे आणि तो मला आजही जाणवतो.

पण त्याच रात्री आणखी एक गोष्ट लक्षात आली. मी मोठ्या हौसेनं बाबांना बोलावलं, तो श्वास ऐकवला. ते म्हणाले, "कसला श्वास? मला तर पावरीपण लांबून वाजल्यासारखी येते."

वय वाढलं की आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातले स, श, फ पुसट होतात. बाबा हल्ली प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायचे, आम्ही हसायचो. टीव्ही मोठा लावला की मी चिडायचो. घरात ध्वनीचा एवढा अभ्यास करणारा मी, आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पोस्टातले पैसे काढले. नाशिकला तपासणी करून बाबांसाठी दोन्ही कानांची श्रवणयंत्रं घेतली. पहिले काही दिवस ते वैतागले. भांड्यांचा आवाज टोचायचा, गाणी कर्कश वाटायची. पुन्हा जाऊन यंत्रं नीट लावून घेतली, संगीतासाठी वेगळी सोय करून घेतली.

मग एका संध्याकाळी पुन्हा कॅसेट लावली. बाबा गोधडीसमोर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा श्वास माझ्या बापाचा नाही रे. हा माझा आहे. टेप मी धरून बसलो होतो. हात दुखत होता, पण हलवायचा नाही म्हणून सांगितलं होतं."

म्हणजे दुकानात मी ज्याला आजोबा समजून शहारलो, ते बाबा होते, आणि ते तर रोज माझ्या शेजारच्या खोलीत झोपतात.

त्यानंतर मी स्पीकरची परीक्षणं वाचलेली नाहीत. चांगला सेट घेऊ नका, असं मी म्हणत नाहीये. परवडत असेल तर जरूर घ्या. पण आधी आहे तो सेट भिंतीपासून पुढे ओढा, एखादी गोधडी टांगा, आणि घरात कुणाला ऐकू येत नाहीये का, तेही बघा.

पाऊस वाढलाय, आता माझाच आवाज मला ऐकू येईना. थांबतो. तुमच्या घरात काय वाजतं, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.