एकटीनं कुठं जेवायचं?

(आपल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेलं भाषण. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी थोडं आवरून लिहिलं आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिलाय, 'मुंबईत बाहेर जेवायला कुठे जावं?' मलाच का, असं विचारलं तर म्हणाले, तुम्ही फोर्टात एकोणतीस वर्षं नोकरी केलीत, तुम्हाला सगळी हॉटेलं पाठ असतील. आमच्या घरात तर म्हणायचे की हिनं नोकरी कमी आणि हॉटेलंच जास्त केली. तेव्हा विषय माझा, हे मला मान्य आहे. फक्त त्यात मी एक शब्द घालणार आहे : एकटीनं. पुरुष मंडळींनी तो 'एकट्यानं' असा ऐकावा.

कारण सांगते. पंचवीस वर्षांपूर्वी आपल्याला चाव्या मिळाल्या तेव्हा एकेका घरात पाच-सहा माणसं होती. लिफ्टसाठी रांग लागायची. आज आमच्या एकट्या बी विंगमध्ये पाच घरं अशी आहेत की जिथं एकच माणूस राहतं. मुलं पुण्याला, बंगळूरला, कुणाची आणखी लांब. संध्याकाळी खाली बाकावर बसलं की मी विचारते, आज काय केलंत? उत्तरं ठरलेली. 'वरणभात.' 'दूध-पोळी कुस्करून खाल्ली.' 'एकटीसाठी काय करायचं हो!' मग बाहेर का नाही जात? तर, 'एकटी कशी जाऊ? लोक काय म्हणतील?' फार तर मुलगा तिकडून फोनवर काहीतरी मागवून देतो, आणि आपण ते टीव्हीसमोर बसून प्लास्टिकच्या डब्यातूनच खातो.

मला याचं नवल वाटतं. कारण मुंबईतली जुनी खाण्याची ठिकाणं मुळात एकट्या माणसांसाठीच निघाली आहेत. घर गावाला ठेवून पोटासाठी इथं आलेला माणूस दुपारी-रात्री जेवणार कुठं, या प्रश्नातून ती निघाली. ज्या ज्या गावची माणसं आली त्यांनी आपापल्या गावची चूल आणली, आणि म्हणून आज या एका शहरात इतक्या चवी आहेत. सहकुटुंब जेवायला जाण्याची फॅशन फार नंतरची.

माझ्या आत्याचंच उदाहरण घ्या. लालबागला चाळीतल्या एका खोलीत तिची खानावळ होती. कोकणातले, साताऱ्याकडचे, कोल्हापूरकडचे गिरणी कामगार बायका-मुलांना गावी ठेवून इथं राहायचे. पाळीप्रमाणे जेवायला यायचे, पगार झाला की महिन्याचा हिशेब. आत्या पहाटे चारला उठायची. पाटावर बसायला जागा अशी नाहीच, दोघं उठले की दोघं बसणार. पण कोणाला तिखट चालत नाही, कोणाचा सोमवार आहे, हे तिच्या डोक्यात पक्कं असे. अशा शेकडो बाया गिरणगावात होत्या आणि त्यांना धंदा करणाऱ्या म्हणून कोणी मोजत नव्हतं. माल उधारीवर घ्यायचा तर सावकाराचं व्याज. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढलं ते याच बायकांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. जेवणाऱ्यांकडेच पैसे नाहीत तर खानावळवालीकडे कुठून येणार? आत्यानं काही महिने उधारीवर जेवू घातलं, मग चूल बंद केली. आज त्या भागात उंच टॉवर आहेत, मॉल आहेत. मॉलमधलं जेवण मी खाल्लंय. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, म्हणजे खरंच काहीच म्हणण्यासारखं नाही.

आता माटुंगा. हा भाग मी जरा लांबवणार आहे, ऐकून घ्या. तामीळ, कन्नड, मल्याळी मंडळी कारकून, स्टेनोग्राफर, रेल्वेतले नोकर म्हणून मुंबईत आली आणि माटुंग्याला स्थिरावली. त्यातले पुष्कळ जण सडेफटिंग. त्यांच्यासाठी बोर्डिंगं निघाली. त्यातलंच एक रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ चं. ते मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनला लागूनच आहे, म्हणजे आपल्या मुलुंडहून स्लो गाडीत बसलं की पूल ओलांडण्याशिवाय काही चालणं नाही. पहिला मजला आहे, गुडघेवाल्यांनी कठडा धरून सावकाश चढावं. केळीच्या पानावर वाढतात. भात, सांबार, रसम, दोन भाज्या, पापड, ताक. समोर कोण बसलंय हे तुम्ही ठरवत नाही. माझ्यासमोर एकदा एक कॉलेजचा मुलगा होता, एकदा एक कोर्टातले वकील, एकदा हातात भाजीची पिशवी घेतलेल्या तामीळ आजी. आजींनी रसम भातात न कालवता वाटीनं कसं प्यायचं ते मला खुणेनं शिकवलं. भाषा एकमेकींची येत नव्हती, अडलं कुठंच नाही.

तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर किंग्ज सर्कलला 'कॅफे मद्रास', १९४० पासूनचं. रविवारी सकाळी जाऊ नका. बाहेर नाव लिहून रस्त्यावर उभं राहावं लागतं आणि आपल्या वयाला ते नको. आठवड्यात मधल्या दिवशी जावं, सोमवार सोडून, कारण सोमवारी बंद असतं. इथंही टेबल वाटून घ्यायचं. रसम वडा घ्या, पोडी इडली घ्या, शेवटी फिल्टर कॉफी. वेटर घाईत असतात पण उद्धट नसतात, हा फरक म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतो. आणखी एक. माटुंगा स्टेशन २०१७ पासून पूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात. तिकिटापासून अनाउन्समेंटपर्यंत सगळ्या बायका. अशा स्टेशनवर उतरून एकटीनं जेवायला जायला कसली भीती?

भीती होती ती १९७९ साली. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात डबा घरी राहिला म्हणून ऑफिसजवळच्या एका हॉटेलात शिरले. नाव सांगत नाही, आता ते नाहीही. वेटर म्हणाला, 'लेडीज? आत फॅमिली रूममध्ये बसा.' मी म्हटलं, अहो, मी एकटी आहे, फॅमिली कुठाय? तर म्हणे, 'मग तर आतच बसा.' आतमध्ये पंखा नव्हता. बाहेरच्या सगळ्या नजरा त्या झुलत्या दारावर. मसाला डोसा मी चार मिनिटांत संपवला असेल.

इराण्याकडे मात्र निराळा अनुभव. फॅमिली रूम त्यांच्याकडेही असायची, पण बाहेर बसलं तरी कोणी हटकलं नाही. गल्ल्यावरचे शेटजी वर्तमानपत्रातून डोकं काढायचे नाहीत. इराणातल्या यझ्द, केरमान भागातून आलेल्या या झोरोस्ट्रियन लोकांनी मुंबईच्या कोपऱ्याकोपऱ्यावर हॉटेलं काढली. कोपऱ्याची जागा आपल्याकडे अशुभ मानत, म्हणून ती त्यांना स्वस्तात मिळाली असं सांगतात. एक चहा घेऊन तास तास बसा. नियमांच्या पाट्या मात्र भरपूर. धोबीतलावच्या बस्तानीकडच्या पाटीवरून निसीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविताच केली. ते बस्तानी गेलं. एके काळी असे इराणी शेकड्यांनी होते, आता मोजकेच उरलेत. पोरांना गल्ल्यावर बसायचं नाही, जागेला सोन्याचा भाव, भावाभावांत हिस्से. दोष कुणाला द्यायचा?

पण धोबीतलावलाच 'कयानी' अजून आहे, १९०४ पासून. संगमरवरी टेबलं, काळ्या लाकडाच्या खुर्च्या. ब्रून मस्का चहात बुडवून खायचा, दात असतील तर. नसतील तर मावा केक. आता इथं एक गोष्ट बोलते, रागावू नका. आपल्या गच्चीवरच्या रौप्यमहोत्सवी जेवणात शाकाहारी आणि मांसाहारी पंगती कुठं आणि किती अंतरावर लावायच्या, यावर आपल्या तीन मीटिंगा झाल्या. कयानीत एकाच टेबलावर माझ्यासमोर कोणी खिमा-पाव खात असतो, शेजारी कोणी अकुरी, आणि मी माझा ब्रून. तिघांनाही पाण्याचा ग्लास एकाच पोऱ्यानं आणलेला असतो. एवढंच सांगायचं होतं, पुढे जाते.

बॅलार्ड इस्टेटला 'ब्रिटानिया', १९२३ चं. दुपारच्या जेवणालाच जायचं. बेरी पुलाव त्यांची खासियत. ती कृती मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीनं इराणहून आणली आणि त्यातली आंबट लाल बेरीही तिकडचीच. शाकाहारी पुलावही मिळतो. बोमनशेट ९७ व्या वर्षी, २०१९ मध्ये गेले. तोवर प्रत्येक टेबलाशी येऊन स्वतः ऑर्डर घ्यायचे. एकट्या माणसाशी जास्त वेळ बोलायचे, हे मी स्वतः पाहिलंय. भाव आता चढे आहेत. पेन्शनच्या आठवड्यात जावं.

गुजराती शेजाऱ्यांना काळबादेवीचं 'ठाकर भोजनालय' मी काय सांगणार? १९४५ चं, कापडबाजारात आलेल्या मंडळींच्या सोयीचं. ही थाळी मात्र एकटीनं खाण्यात एक अडचण आहे. वाढणारे आग्रह करतात आणि 'पुरे' म्हणायला सोबत कोणी नसतं. ताटावर दोन्ही हात आडवे धरायचे, हा एकच उपाय.

दादरबद्दल मराठी माणसाला सांगणं म्हणजे आजोळचा रस्ता सांगणं. तरी नवीन सुनांसाठी सांगते : स्टेशनजवळ मामा काणे, १९१० पासून. 'प्रकाश'मध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष. 'आस्वाद'ची मिसळ, जिचं कौतुक लंडनपर्यंत झालं. मासे हवे असतील तर 'गोमांतक' किंवा 'सिंधुदुर्ग'. सोलकढी पहिल्यांदा घ्यायची की शेवटी, हा वाद तिथं बसूनच करा.

आणि भेंडीबाजार. नाव घेतल्याबरोबर दोघी-तिघींनी भुवया उंचावल्या, मी बघितलं. बोहरी मोहल्ल्यात 'ताज आइस्क्रीम' आहे, १८८७ पासूनचं. लाकडी पिंपात बर्फ आणि मीठ, मध्ये भांडं, आणि हातानं फिरवून केलेलं आइस्क्रीम. आपल्या लहानपणी लग्नात असायचा तो पॉट. सीताफळाच्या दिवसांत जावं. पूर्ण शाकाहारी माणसानंही निर्धास्त जावं असं हे ठिकाण. तिथं मी पहिल्यांदा गेले ती ऑफिसातल्या एका बोहरी मैत्रिणीबरोबर, नंतर पुष्कळदा एकटी. कोणी विचारलं तर एवढंच विचारलं की 'बेन, एक स्कूप की दोन?' तो सगळा मोहल्ला आता पाडून नव्यानं बांधताहेत. जुन्या गल्लीत जाऊन खायचं असेल तर फार वर्षं थांबू नका. रमजानमध्ये मिनारा मशिदीच्या गल्लीत रात्री बारा वाजता बायका-मुलांची अशी गर्दी असते की आपल्या नवरात्राची आठवण यावी. मालपुवा एक घेतला तर चौघींना पुरतो. डायबेटिसवाल्यांनी वास घ्यावा.

काही जण म्हणतील, हे सगळं शहरात, आपण मुलुंडला. तर मी सांगितलेल्या बहुतेक ठिकाणी आपली स्लो लोकल जाते. दादर, माटुंगा, भेंडीबाजारला मशीद किंवा सँडहर्स्ट रोड, फोर्टला सीएसएमटी. अकराच्या पुढे गाडी रिकामी असते. एकटीनं जाताना माझे नेम असे : दुपारी साडेबाराच्या आत पोचायचं, म्हणजे टेबलासाठी कोणी डोक्यावर उभं राहत नाही. पहिल्या वेळी एकच पदार्थ मागवायचा. मोबाइल पर्समध्ये ठेवायचा. तो बाहेर असला की समोरचा माणूस बोलत नाही. आणि सुटे पैसे जवळ असावेत, कारण जुन्या ठिकाणी गल्ल्यावरचा माणूस सुट्ट्यांवरूनच गिऱ्हाईक ओळखतो.

ज्यांना पहिल्या खेपेला सोबत हवी त्यांच्यासाठी मी ठरवलंय. येत्या मंगळवारी मी माटुंग्याला, रामा नायक यांच्याकडे जातेय. जिन्याखालच्या फलकावर कागद लावलाय, नावं लिहा. जास्तीत जास्त सहा जणी आणि जण, कारण सगळ्यांना एका टेबलावर जागा मिळणार नाही आणि मला ती मिळवायचीही नाहीये. ज्याला जिथं पान मिळेल तिथं त्यानं बसायचं, अनोळखी माणसासमोर. जेवणं झाली की खाली पायऱ्यांशी भेटू. सव्वाअकराला गेटवर. कोणाचा मंगळवारचा उपवास असेल तर आधी सांगा, त्यांना दादरला नेऊन 'प्रकाश'चा साबुदाणा वडा देईन.