पंडित ओंकारनाथ ठाकूर : नर्मदाकाठचा गायक

(सुरत येथील मराठी भाषिक नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुरत म्हटले की मराठी माणसास शिवछत्रपतींची १६६४ ची स्वारी आठवते, नाही तर १९०७ साली येथे भरलेले आणि जहाल-मवाळांच्या वादात मोडलेले काँग्रेसचे अधिवेशन. महाराष्ट्र आणि दक्षिण गुजरात यांचा तिसरा एक संबंध आहे. तो सुरांचा आहे व त्यात भांडण नाही. सुरतेहून उत्तरेस साठ-सत्तर किलोमीटरवर नर्मदेच्या तीरी असलेल्या भडोच शहरात वाढलेला एक गरीब मुलगा एका मराठी गुरूच्या पायाशी बसला आणि पुढे पंडित ओंकारनाथ ठाकूर म्हणून भारतभर विख्यात झाला.

ओंकारनाथांचा जन्म २४ जून १८९७ रोजी खंबायत संस्थानातील जहाज या खेड्यात झाला. घराणे लढवय्यांचे होते. आजोबा महाशंकर १८५७ च्या उठावात नानासाहेब पेशव्यांच्या बाजूने लढले, तर वडील गौरीशंकर बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंच्या पदरी घोडदळात होते. पुढे वडिलांना विरक्ती आली. त्यांनी अध्यात्माचा मार्ग धरला आणि संसाराचा भार मातेवर येऊन पडला. कुटुंब भडोच येथे आले. माता लोकांकडे घरकाम करू लागली आणि खेळण्याबागडण्याच्या वयातील ओंकारनाथांनी घरगडी, गिरणीतील मजूर, रामलीलेतील नट अशी मिळतील ती कामे करून तिला हातभार लावला. थोर पुरुषांच्या चरित्रांत दारिद्र्याचे वर्णन पुष्कळदा शोभेसाठी येते. येथे ते पोटाचे होते.

या मुलाचा कंठ शापूरजी मंचेरजी डुंगाजी नावाच्या दानशूर पारशी गृहस्थांच्या कानी पडला. त्यांनी ओंकारनाथ व त्यांचे धाकटे बंधू रमेशचंद्र यांच्या शिक्षणाचा भार उचलला व दोघांची रवानगी मुंबईच्या गांधर्व महाविद्यालयात झाली. पारशी आश्रयदाता, गुजराती विद्यार्थी आणि कुरुंदवाडचे मराठी गुरू असा हा योग होता.

ते गुरू म्हणजे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्यांची दृष्टी अधू झाली होती. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशी त्यांनी ग्वाल्हेर घराण्याची विद्या संपादन केली. त्या काळी गवई कितीही गुणी असला तरी समाजात त्याला मानाचे पान नसे. पलुसकरांनी १९०१ साली लाहोर येथे व पुढे मुंबईत गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याची विद्या राजवाड्याबाहेर आणली आणि सभ्य घरांतील मुलामुलींना ती खुली केली. विद्यालयातील शिस्त कडक होती. पहाटेपासून रियाज, गुरुसेवा आणि पुन्हा रियाज. ओंकारनाथांनी ती मनापासून पत्करली. त्यांची योग्यता ओळखून गुरूंनी १९१६ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांस लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य नेमले.

काही वर्षांनी ते भडोचला परतले. तेथे त्यांनी स्वतःचे संगीत विद्यालय काढले आणि असहकाराच्या चळवळीतही उडी घेतली. भडोच जिल्हा काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. काँग्रेसच्या अधिवेशनांतून वंदे मातरम् गाण्याची गुरूंची परंपरा त्यांनी पुढे चालविली.

१९३३ साली ते युरोपास गेले. इटलीत मुसोलिनीसमोर त्यांचे गायन झाले. त्या प्रसंगाभोवती पुढे पुष्कळ आख्यायिका जमल्या, त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी इंदिरादेवी निवर्तल्या. हा आघात जिव्हारी लागणारा होता. यानंतर त्यांनी राजकारणातून मन काढून घेतले व केवळ संगीतासच वाहून घेतले. त्यांच्या भैरवीत व नीलांबरीत ऐकणाऱ्यांना जे कारुण्य जाणवे, त्याचा उगम या दुःखात शोधणारे रसिक आहेत. परंतु आवाज कोठे हळवा करावा, कोठे चढवावा आणि कोठे कुजबुजता ठेवावा, या काकुप्रयोगाचा त्यांचा अभ्यास स्वतंत्र व दीर्घ होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. काही जाणकारांना तो नाटकी वाटे. स्वराने रस निर्माण झाला नाही तर राग शुद्ध असून उपयोग काय, अशी त्यांची भूमिका होती. पंडित भातखंडे यांची थाटपद्धतीही त्यांना मान्य नव्हती आणि हा मतभेद त्यांनी ‘प्रणव भारती’ या ग्रंथात शास्त्राधाराने मांडला.

१५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी आकाशवाणीवरून त्यांनी वंदे मातरम् गायिले. सरदार पटेलांनी त्यांस तशी विनंती केली होती. संपूर्ण गीत गावयाचे आणि तेही उभे राहून, हा त्यांचा आग्रह होता. शास्त्रीय गवई बैठकीवर बसून गातो, ही जुनी रीत त्यांनी त्या दिवशी जाणूनबुजून बाजूस ठेवली.

१९५० साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे महाविद्यालय निघाले. संगीताचे शिक्षण त्या विश्वविद्यालयात असावे ही पंडित मालवीयांची इच्छा त्यांच्या निधनानंतर फळास आली आणि पहिले प्राचार्यपद ओंकारनाथांकडे आले. गिरणीत राबलेला मुलगा विश्वविद्यालयाच्या आसनावर बसला. सहा भागांच्या ‘संगीतांजली’त त्यांनी राग व बंदिशी स्वरलिपीसह ग्रथित केल्या. पलुसकरांनी घालून दिलेली ती शिस्त शिष्याने अखेरपर्यंत सोडली नाही. १९५५ मध्ये त्यांस पद्मश्री व १९६३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१९६५ साली पक्षाघाताने त्यांचे शरीर अंशतः लुळे पडले. २९ डिसेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. बळवंतराय भट्ट, डॉ. प्रेमलता शर्मा असे शिष्य त्यांनी मागे ठेवले. त्यांत एन. राजम यांचा विशेष उल्लेख केला पाहिजे. दाक्षिणात्य घरातून आलेल्या या विदुषींनी ओंकारनाथांपाशी वर्षानुवर्षे शिकून व्हायोलिनवर गायकी अंग उतरविले आणि गुरूंच्या कंठातील मींड व आर्जव तारांवर ऐकविले.