मालक गावाला गेला की



 या अधिवेशनात समोर बसलेल्यांत निम्मे तरी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतले ओतकामवाले आहेत. काही जण उद्यमनगरात वडिलांच्या लेथवर हात काळे करत मोठे झालेले आहेत. आपल्या घरातल्यांशी बोलावं तसं बोलतो. कारखाना मोठा का होत नाही, याची कारणं आपण बाजारात, बँकेत आणि सरकारात शोधतो. तिथे ती असतातही. पण बऱ्याचदा काम अडतं ते मालकाच्या टेबलापाशी येऊन. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वीचा जुलै. पाऊस लागून राहिला होता आणि मी गिऱ्हाइकाकडे पुण्याला गेलो होतो. परतलो तर फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव नग साफ करायच्या, बाजूला पंप बॉडीचे चाळीस नग रचलेले. ग्राइंडर फिरला तशी एकेका नगावर भोकं उघडी पडायला लागली. ब्लोहोल. वाळूत ओल जास्त झाली होती. मी मोल्डरवर चढलो. मुठीत वाळू दाबायची, मोडायची आणि ओल सांगायची, असा तो जुना जाणता माणूस. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला सकाळीच कळलं होतं, साहेब. पण मागल्या खेपेला मी ओतकाम थांबवलं तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. या वेळी तुमचा फोन लागेना. मग ओतलं."

चाळीस नग वितळवून धातू परत मिळाला. वीज, मजुरी आणि दिवस गेले ते गेलेच. पण मला लागलं ते वेगळंच. वाळू कळणारा माणूस भट्टीशेजारी उभा होता आणि थांबवायचा अधिकार मी पुण्याला बरोबर घेऊन गेलो होतो.

दुसऱ्याच दिवशी भट्टीजवळ फळा लावला. ओल किती टक्क्यांवर गेली की ओतायचं नाही, हे त्यावर लिहिलं आणि खाली निर्णय घेणाऱ्याचं नाव लिहिलं. नाव त्याच मोल्डरचं. पुढच्या महिन्यात त्याने दोनदा काम थांबवलं. एकदा बरोबर, एकदा विनाकारण. त्या दुसऱ्या वेळी गप्प बसताना मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. तेव्हा तोंड उघडलं असतं, तर तो फळा त्याच दिवशी खाली उतरवावा लागला असता.

काम सोपवण्याचं जुनं उदाहरण जवळच आहे. मिरजेहून पुण्याला जाताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर, निवडुंग तोडून, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना उभा केला. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला दोन वर्षं खपला नव्हता, ती गोष्ट आपण सगळेच सांगतो. मला मात्र त्यांच्या भोवतालच्या माणसांचं जास्त अप्रूप वाटतं. कारभाराची घडी रामूअण्णांनी बसवली, यंत्रांची बाजू शंभूराव जांभेकरांकडे होती, हिशेब मंगेशराव रेगे पाहत. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी राखणीला ठेवलं. स्वतः कसबी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या हातात काम सोपवणं सोपं नसतं, कारण आपण ते जास्त चांगलं केलं असतं असं त्याला सतत वाटत राहतं. आपल्यातले बहुतेक जण कसबी आहेत. म्हणूनच आपल्याला ते जमत नाही.

आता पैशाबद्दल. वसुलीही मालकाच्या भिडेपायीच अडते, आणि भीड भिकेची बहीण, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना संरक्षण दिलं आहे. लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत; करार नसेल तर मुदत १५ दिवसांची. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यातही तरतूद आली आहे: मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून वजा करता येत नाही. तरीही आपण फोन करत नाही. साहेब नाराज होतील, पुढची ऑर्डर जाईल, ही धास्ती. माझ्याकडे आता ४६व्या दिवशीचं पत्र हिशेब पाहणारी मुलगी पाठवते, मला न विचारता. पहिलं पत्र गेलं तेव्हा मला रात्रभर झोप नव्हती. पैसे आले, आणि ऑर्डरही टिकली. प्रत्येक वेळी असं होईलच, अशी खात्री मी देणार नाही. पण मागितल्यावाचून गेलेली उधारी मी फार पाहिली आहे.

आणि एक बोचणारं बोलतो. उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्याचे पैसे आपण किती दिवसांनी देतो? मोठ्या कंपनीच्या नावाने खडे फोडताना मला स्वतःची वही आठवते. गेल्या दिवाळीपासून पॅटर्नवाल्याचं बिल आमच्याकडे तीस दिवसांत निघतं, आणि मला वाटतं त्यानंतरच पॅटर्न वेळेवर यायला लागले.

घरातही तेच. मुलं इंजिनिअर होऊन परत येतात, त्यांना केबिन मिळते, चेकवरची सही मिळत नाही. दोन वर्षांत ती पुण्याला नोकरी धरतात. तेव्हा आपण म्हणतो, पोराला धंद्यात गोडी नाही.

उद्या दुपारी कॉस्टिंगचं सत्र आहे. एका नगामागे वाळू, वीज, मजुरी आणि रिजेक्शन किती पडतं, हे तिथे कागदावर मांडून दाखवलं जाणार आहे. माझी कळकळीची विनंती आहे की त्या सत्राला तुम्ही येऊ नका; तुमच्या सुपरवायझरला, फोरमनला, हिशेबाच्या माणसाला पाठवा. संयोजकांशी बोलून पुढच्या तीन रांगा मी त्यांच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. आमचा मोल्डर पहिल्या रांगेत असेल. सकाळची भट्टी लावून, बाराच्या एसटीने तो येतो आहे.