हातचा एक

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणावरून)



चिटणीसबाईंनी मला ‘नोकरीतील अनुभव’ या विषयावर बोलायला सांगितले. चौतीस वर्षे कचेरीत काढल्यावर अनुभवांना काय तोटा! पण बढत्या-बदल्यांच्या गोष्टी ऐकून तुम्ही जांभया द्याल. म्हणून मी आज एका लहानशा त्रासाविषयी बोलणार आहे. तो म्हणजे शेजारच्या टेबलावरून येणारा आवाज. आपल्यापैकी ज्या नोकरी करतात त्यांना तो चांगला ठाऊक असेल. कोणी चहाचे फुरके मारतो, कोणी दर दोन मिनिटांनी घसा खाकरतो, कोणी पेनची कळ टकटक दाबत बसतो. हल्ली तर मोबाइलवर मोठ्याने गाणी लावणारेही आहेत.

मी १९८१ साली मुंबईच्या एका कचेरीत हिशेब विभागात लागले. विभागात हिशेबाचे यंत्र एकच, तेही बहुधा साहेबांच्या खोलीत. आम्ही बेरजा हातानेच करायच्या. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई बेरीज तोंडाने करीत. ‘आठ नि पाच तेरा, हातचा एक...’ असे त्यांचे पुटपुटणे दिवसभर चाले. मी माझ्या रकान्यात नवावर असायची आणि त्यांचे तेरा कानावर पडले की माझे नऊ कुठल्या कुठे! की पुन्हा वरपासून सुरुवात.

तीन वर्षे मी हे सोसले. त्यांना सांगायचे सोडून घरी ह्यांना सांगितले, लोकलमधल्या मैत्रिणींना सांगितले, हेडक्लार्कसाहेबांना आडून सुचवले. आणि एके दिवशी डबा खाताना मी चक्क त्यांची नक्कल केली. मान हलवीत, बोट नाचवीत ‘हातचा एक’ म्हटले. सगळ्याजणी खो-खो हसल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या. मागे वळून पाहते तो बाई दारात उभ्या! हातात डबा तसाच होता. काही न बोलता त्या परत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे टेबल मुके झाले. डबाही त्या तिथेच एकट्या खाऊ लागल्या. मला हवी ती शांतता मिळाली होती, पण माझी बेरीज काही केल्या जुळेना. महिनाअखेरीस शिपायाकडून कळले की बाई रोज उशिरापर्यंत थांबतात. मनातल्या मनात केलेली बेरीज त्यांना भरवशाची वाटत नसे, म्हणून त्या ती तीनतीनदा तपासत. नेहमीची लोकल चुके, आणि त्यांचा सहा वर्षांचा मुलगा शेजाऱ्यांच्या दारात बसून आईची वाट पाही.

त्या संध्याकाळी मी मागे थांबले. म्हटले, “बाई, माझं चुकलं.”

त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, “मला एकदा हळूच सांगायचंत. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझी बेरीज चुकली आणि भर विभागात बोलणी खाल्ली. घरात मिळवती मी एकटी. तेव्हापासून आकडा कानांनी ऐकल्याशिवाय धीर होत नाही.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “आणि तुमच्या बांगड्या? तीन वर्षं ऐकतेय मी त्या.”

मी हाताकडे पाहिले. डझनभर काचेच्या बांगड्या, लिहिताना टेबलावर आपटणाऱ्या! मला स्वतःला त्या कधी ऐकूच आल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी मनगटाखाली जुन्या पातळाची घडी घातली. अकरा ते बारा बाईंनी खुशाल तोंडाने बेरजा कराव्या आणि तेवढ्या वेळात मी व्हाउचरे लावावी, असे ठरले. साऱ्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. त्या डब्याला मात्र लगेच आल्या नाहीत. त्याला चार महिने लागले.

निवृत्तीनंतर या विषयावर थोडे वाचले. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे ‘अर्बन स्ट्रेस’ हे पुस्तक १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी लोकांना काम करताना एक गोंगाट ऐकवला. त्यात टंकलेखन यंत्र, हिशेबाचे यंत्र, परक्या भाषांतले बोलणे असे सारे मिसळलेले होते. काहींना एक बटण दिले आणि सांगितले, अगदीच असह्य झाले तर हे दाबा, गोंगाट थांबेल. बटण बहुतेकांनी दाबलेच नाही. तरीही नंतरच्या कामात बटण असलेल्यांनी अधिक चिकाटी दाखवली. वाचताना मला वाटले, ‘बाई, जरा हळू’ असे म्हणता येणे हेच आपले बटण!

फोनचेही तसेच. २०१० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की दोघांचे पुरे संभाषण कानावर पडण्यापेक्षा एकाच बाजूचे अर्धे बोलणे लक्ष अधिक विचलित करते. उरलेले अर्धे आपले मन जुळवीत बसते. तेव्हा फोनवर बोलायचे तर उठून बाहेर जावे. आणि काहींना चावण्या-फुरकण्याचे आवाज खरोखरीच सोसत नाहीत. त्याला २००१ साली ‘मिसोफोनिया’ असे नाव मिळाले. अशा बाईला ‘नखरे करते’ म्हणू नये.

माझे सांगणे एवढेच. त्रास होतो तो पहिल्या आठवड्यातच सांगावा, मनात साठवू नये. ज्याचा त्याला सांगावा, चारचौघांत नाही, एकट्याला गाठून. आवाजाबद्दल बोलावे, माणसाच्या वळणाबद्दल नाही. खोकला, दमा यांसारखी आजारपणाची गोष्ट असेल तर आपणच टेबल हलवून घ्यावे. आणि सांगून झाले की विचारावे, “माझा काही त्रास होतो का हो?” उत्तर ऐकायची तयारी मात्र ठेवावी.

आपल्या इमारतीतही पहाटेचा मिक्सर आहे, माडीवरचा पाटा आहे, आणि आपल्या भजनाच्या टाळांबद्दल खालच्या मजल्यावरच्या वहिनींना काय वाटते, हे आपण अजून विचारलेले नाही. उद्या मी विचारून येणार आहे. कोणी बरोबर येते का?