गिरणी आणि गल्ला

1960च्या दशकात झेलम नदीवर मंगला धरण झालं आणि मीरपूर भागातली लाखभर माणसं विस्थापित झाली. त्यांतले कितीतरी ब्रिटनला जाऊन ब्रॅडफर्डच्या कापडगिरण्यांत रात्रपाळीला लागले. पुढे गिरण्याच बंद पडल्या. लालबाग-परळनं जे सोसलं, तेच त्यांच्याही वाट्याला आलं! ब्रिटनमधल्या पाकिस्तानी कुटुंबांची ओढाताण अजून सरलेली नाही.

अमेरिकेत मात्र 1965च्या स्थलांतरविषयक कायद्यानंतर पाकिस्तानी डॉक्टर, इंजिनिअर गेले. तिथं त्यांचं बरं चाललं आहे.

असं कमाईसाठी परदेशी जाणं इतरांनाही चुकलेलं नाही; मॅसिडोनियन लोक त्याला ‘पेचाल्बा’ म्हणतात. त्यांच्यातल्याच किराजिएफ बंधूंनी 1922 साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीत छोटंसं हॉटेल काढलं. स्पॅगेटीवर मसालेदार खिमा वाढायचा, गल्ल्यावर स्वतः बसायचं. शेजारच्या एम्प्रेस थिएटरचंच नाव त्यांनी हॉटेलला दिलं.