कागदाशेजारी कागद



या संमेलनाचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल आभार. आज ज्या पत्रकारांचा गौरव झाला त्यांनी बातमी मंत्र्याच्या बंगल्यावरून आणलेली नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज केला, तीस दिवस वाट पाहिली. उत्तर आले नाही तेव्हा अपील केले आणि हाती पडलेले झेरॉक्सचे गठ्ठे ओळ न ओळ वाचले. या कामाला ना वलय, ना ब्रेकिंग न्यूजची पट्टी.

ही वाट आपल्या ओळखीची आहे. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतले मुख्याध्यापक. सरकारचेच अहवाल आणि अंदाजपत्रके वाचून त्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लेख लिहिले. त्यांच्या आकडेमोडीचा आधार घेत गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलले. तिजोरीत शिल्लक दिसते ती रयतेवर जादा कर बसवल्यामुळे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी मांडले. तेव्हा माहिती अधिकाराचा कायदा नव्हता. होती ती छापील कागद शेवटच्या पानापर्यंत वाचण्याची शिस्त.

माझे म्हणणे एवढेच आहे : सरकारी कागद एकटा असला की तो सांगेल ते खरे मानावे लागते. त्याच्या शेजारी दुसरा कागद ठेवला की पत्रकारितेला सुरुवात होते.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४पासून जनसुनवाया घेतल्या, त्यात हेच झाले. रोजगाराच्या कामांची हजेरीपत्रके गावासमोर मोठ्याने वाचली गेली. कामावर कधीच न गेलेल्यांच्या नावे मजुरी उचललेली निघाली. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणे चालले. त्याच वर्षी न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या अध्यक्षतेखालील प्रेस कौन्सिलने माहिती अधिकाराच्या विधेयकाचा मसुदा तयार केला. या कायद्याच्या जन्मात पत्रकारांच्या संस्थेचाही वाटा आहे, हे आपण विसरू नये.

पुढचे उदाहरण २०१६चे. जनधन योजनेतील शून्य शिल्लक खात्यांची संख्या घटते आहे, असे सरकारी आकडे सांगत होते. ‘इंडियन एक्स्प्रेस’चे श्यामलाल यादव यांनी बँकांकडे अर्ज करून विचारले, किती खात्यांत नेमका एकच रुपया आहे? उत्तरे आली, बेरीज एक कोटीच्या पुढे गेली. खाती शून्यावर दिसू नयेत म्हणून बँकांच्या कर्मचाऱ्यांनीच अनेक ठिकाणी रुपया भरला होता. सरकारी आकडा खोटा नव्हता, पण त्यामागची गंमत कळायला दुसरा आकडा मागावा लागला.

आणि एक उदाहरण आपल्याच घरातले. २००९च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांवर मराठी दैनिकांत पानेच्या पाने मजकूर छापून आला. प्रतिस्पर्धी दैनिकांत काही मजकूर शब्दशः एकच होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती पाने उमेदवाराच्या खर्चाच्या हिशेबाशेजारी ठेवली. वृत्तपत्रीय जाहिरातींचा दाखवलेला खर्च होता ५,३७९ रुपये. पुढे निवडणूक आयोगापुढे आणि न्यायालयात यावर वर्षानुवर्षे वाद चालला. तो कुणी जिंकला यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की सरकारला हिशेब मागणाऱ्याने स्वतःच्या अंकाचाही हिशेब द्यायला हवा.

तालुक्याच्या वार्ताहराला हे दूरचे वाटायला नको. रस्त्याचे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि देयक हे चार कागद मागवा आणि टेप घेऊन त्या रस्त्यावर उभे राहा. फाइल सापडत नाही असे उत्तर आले, तर अभिलेख नष्ट करणाऱ्याला शिक्षेची तरतूद असलेला राज्याचा सार्वजनिक अभिलेख कायदा दाखवा.

अर्थात माहिती अधिकार कायद्याची धार बोथट होते आहे, हे मी या व्यासपीठावरून सांगितले पाहिजे. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, असा नियम २०१२ साली आला. २०१९च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा कार्यकाळ आणि वेतन ठरवणे केंद्राच्या हाती गेले. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ)मधल्या अटी काढून ‘वैयक्तिक माहिती’ हा सरसकट अपवाद केला. व्यापक जनहिताचे कलम ८(२) शाबूत आहे, पण ते सिद्ध करण्याचे ओझे आता अर्जदाराच्या खांद्यावर येणार. उद्या हजेरीपत्रकावरची नावेही वैयक्तिक म्हणून नाकारली, तर जनसुनवाईत वाचायचे काय? ही दुरुस्ती मागे घ्यावी, अशी मागणी या संमेलनाने करावी.

आता सर्वांत जड गोष्ट. १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी यांची हत्या झाली. माहिती अधिकार वापरून ते जमिनींचे व्यवहार उघडकीस आणत होते. अशा घटनांनंतर केंद्रीय माहिती आयोगाने २०११ साली ठराव केला : माहिती मागणाऱ्यावर हल्ला झाला, तर त्याने मागितलेली माहिती संबंधित कार्यालयाने स्वतःहून जाहीर करावी. माणूस दडपला तरी कागद दडपता येऊ नये, हा त्यातला विचार. पण त्यासाठी हल्ला होण्याची वाट आपण का पाहायची?

म्हणून संपादकांना माझी विनंती आहे. वार्ताहराच्या अर्जाचा, अपिलाचा आणि वकिलाचा खर्च वृत्तपत्राने उचलावा. आणि एखाद्या तालुक्यात कुणाला धमकी आली, तर त्याच आठवड्यात जिल्ह्यातल्या प्रत्येक पत्रकाराने तोच अर्ज आपल्या नावाने करावा. धमकी एका नावाला देता येते. दोनशे अर्जांना द्यायची तर गुंडालाही यादी करावी लागेल, आणि ती यादीच उद्या आपल्यासाठी बातमी होईल.