ड्रिलमास्तरांची पटकथा



फुटबॉलपटू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पेले किंवा मॅराडोना उभा राहतो, आणि चित्रपट म्हटला की नट-नट्या. खालच्या फळीतला खेळाडू आणि पडद्यामागचा पटकथाकार यांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. आज मी ज्या गृहस्थांविषयी बोलणार आहे ते या दोन्ही गोष्टी होते. आणि या दोहोंच्या मधे काही वर्षे ते शाळेत ड्रिलमास्तर होते. त्यांचे नाव बॅरी हाइन्स. जन्म ३० जून १९३९, मृत्यू १८ मार्च २०१६. गाव हॉयलंड कॉमन, इंग्लंडच्या यॉर्कशर भागातले, बार्न्सली शहराजवळचे. सगळा मुलूख कोळशाच्या खाणींचा. वडील खाणकामगार.

हाइन्स यांचा मैदानावरील पराक्रम दोन वाक्यांत सांगून होतो. शाळेत असताना इंग्लंडमधील ग्रामर शाळांच्या निवडक संघात ते खेळले. पुढे बार्न्सली क्लबकडे गेले, पण तिथेही मुख्यतः ‘ए’ संघात, म्हणजे पहिल्या संघापासून बऱ्याच खालच्या पायरीवर; आणि त्यानंतर क्रॉली टाउन व स्टॉक्सब्रिज वर्क्स या लहान क्लबांकडून. बस्स, इतकेच.

आता हा खालच्या पायरीचा फुटबॉल म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. वरच्या चार विभागांत पूर्णवेळ पगारी खेळाडू. त्यांनाही १९६१ पर्यंत आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार द्यायचा नाही असा नियम होता. त्याखाली गावोगावचे, कारखान्यांचे संघ. स्टॉक्सब्रिज वर्क्स या नावातच पोलादाचा कारखाना आहे. असल्या संघातला गडी आठवडाभर पोटापाण्याचे काम करणार आणि शनिवारी दुपारी चिखलात उतरणार. आपल्या कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना हे परके वाटणार नाही. तालमीतालमींचे संघ, काम सांभाळून खेळणारी पोरे आणि तरीही सामन्याला लोटणारी गर्दी त्यांनी पाहिलेली आहे.

शाळेची गोष्टही अशाच पायऱ्यांची होती. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंडात मूल अकरा वर्षांचे झाले की त्याची परीक्षा होई. चार-पाच मुलांत एखादे पास होई. ते जाई ग्रामर शाळेत. तिथून पुढे कॉलेज, नोकरी, पांढरपेशा जन्म. बाकीची बहुतेक मुले ‘सेकंडरी मॉडर्न’ नावाच्या शाळेत. तिथून पंधराव्या वर्षी बाहेर पडायचे आणि खाणीत किंवा कारखान्यात शिरायचे. अकराव्या वर्षी, एका सकाळी, कागदावर! चाळणी म्हणतात ती हीच. हाइन्सांच्या घरात या चाळणीने दोन भावांची फाळणी केली. बॅरी पास झाला, ग्रामर शाळेत गेला. धाकटा रिचर्ड नापास झाला.

बॅरीनेही शाळा एकदा सोडली होती. खाणीत मोजणीदाराच्या हाताखाली उमेदवारी धरली. एके दिवशी जमिनीखाली शेजारचेच एक खाणकामगार त्याला भेटले. एवढे शिकूनही तुला याहून बरे काही सापडले नाही का, अशा अर्थाचे ते काहीसे बोलले. मुलाच्या मनाला ते लागले. तो परत शाळेत गेला, पुढची परीक्षा दिली आणि लफबरो येथील शिक्षक महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाचा विद्यार्थी झाला. त्या शेजाऱ्याचे नाव कुठल्या पुस्तकावर नाही. ते असायला हरकत नव्हती, असे मला वाटते.

मग लंडनला दोन वर्षे मास्तरकी आणि नंतर बार्न्सलीत परत. शाळा सुटली, पोरे घरी गेली की हे ड्रिलमास्तर शाळेच्या ग्रंथालयात बसून लिहीत. १९६६ साली पहिली कादंबरी छापून आली, ‘द ब्लाइंडर’. तिचा नायक अभ्यासात आणि फुटबॉलमध्ये सारखाच हुशार असलेला शाळकरी मुलगा. त्याचे आडनाव हॉक, म्हणजे ससाणा. पुढच्या पुस्तकाचा पक्षी असा आधीच येऊन बसला होता म्हणायचा! त्यांचे आरंभीचे एक नाटक रेडिओसाठी लिहिलेले होते. बीबीसीने एक साहाय्यवृत्ती दिली, तेव्हा शाळेतून काही काळ सुटका मिळाली आणि दुसरी कादंबरी लिहून झाली. रेडिओवरून हे सांगताना मला थोडा आनंद होतो, एवढे बोलून पुढे जातो.

ही दुसरी कादंबरी म्हणजे १९६८ ची ‘अ केस्ट्रेल फॉर अ नेव्ह’. केस्ट्रेल हा लहान जातीचा ससाणा. हिवाळ्यात आपल्या माळरानांवरही तो दिसतो. हवेत एकाच जागी पंख फडफडवीत थांबतो आणि खाली गवतात उंदीर, टोळ हेरतो. युरोपात जुन्या काळी शिकारी पक्षी पाळण्याचीही उतरंड असे. एका जुन्या यादीप्रमाणे सम्राटाने गरुड पाळावा, आणि अगदी तळच्या चाकराने हा छोटा केस्ट्रेल. पुस्तकाचे नाव तिथून आले. म्हणजे पक्ष्यांतही ग्रामर शाळा आणि दुसरी शाळा होतीच!

खरोखरचा ससाणा पाळला होता तो परीक्षेत नापास झालेल्या धाकट्या रिचर्डने. मोडक्या वाड्याच्या भिंतीत घरटे असे. तिथून पिल्लू आणायचे, त्याच्या पायांत चामड्याच्या पट्ट्या बांधायच्या, मांसाचा तुकडा दाखवून हातावर बोलवायचे. आधी लांब दोरी बांधून, मग एक दिवस दोरी सोडून. यात घाई चालत नाही, ओरडणे चालत नाही, मारणे तर नाहीच. नापास ठरलेल्या मुलाने हे सारे पुस्तकांतून आणि पक्ष्याकडून शिकून घेतले. ग्रामर शाळेत शिकलेल्या भावाने ते पाहिले आणि कादंबरीत बिली कॅस्पर हा पोरगा उभा केला.

त्याच वर्षी केन लोच या दिग्दर्शकाने चित्रपटाचे काम सुरू केले. नाव ठेवले ‘केस’. पटकथा लोच, निर्माते टोनी गार्नेट आणि हाइन्स या तिघांची. चित्रीकरण बार्न्सलीतच. बिलीचे काम करणारा डेव्हिड ब्रॅडली हा तिथल्याच शाळेतला मुलगा. ससाणे माणसाळवले रिचर्डने. एक नव्हे, तीन.

पटकथा लिहिणे म्हणजे संवाद लिहिणे, असा आपल्याकडे समज आहे. तो किती अपुरा आहे हे या चित्रपटातील फुटबॉलच्या सामन्यावरून कळते. शाळेचा खेळाचा तास. गारठा, चिखल. ड्रिलमास्तर सग्डन लाल पोशाख घालून मैदानात येतात. ते स्वतः मँचेस्टर युनायटेडचे बॉबी चार्लटन झालेले आहेत! तेच कप्तान, तेच पंच. पोरांना ढकलून पुढे जातात, पडतात आणि स्वतःच स्वतःला पेनल्टी बहाल करतात. ती चुकली तर पुन्हा मारतात. पडद्यावर खऱ्या सामन्यासारखा धावफलक उमटतो: मँचेस्टर युनायटेड इतके, स्पर्स इतके. आणि गोलात उभा केला आहे बिली, कमरेवर न टिकणारी ढगळ चड्डी घालून. तो कंटाळून गोलच्या दांडीवर माकडासारखा लोंबकळतो. शेवटी सामना एकदाचा संपावा म्हणून बॉल आत जाऊ देतो. त्याबद्दल सग्डन त्याला न्हाणीघरात कोंडतात आणि गार पाणी सोडतात.

प्रेक्षक पोट धरून हसत असतात आणि हसता हसता गप्प होतात. हे साधते कारण लिहिणारा मनुष्य खालच्या फळीत खेळलेला आहे. पहिल्या संघात आपल्याला कधीच घेणार नाहीत, हे ज्याला ठाऊक असते त्याचे दुखणे त्याने जवळून पाहिलेले आहे. सग्डन दुष्ट आहे, पण तो केवळ दुष्ट नाही. त्याचे एक स्वप्न राहून गेले आहे आणि ते तो बारा-पंधरा वर्षांच्या पोरांवर वसूल करतो. हाइन्स स्वतः ड्रिलमास्तर होते हे विसरू नका. आपल्याच खुर्चीत बसलेला माणूस त्यांनी असा रंगवला. सग्डनची भूमिका केली ब्रायन ग्लोव्हर यांनी. तेही हाइन्स यांच्याबरोबर शाळेत शिकवीत आणि फावल्या वेळी दुसऱ्या नावाने कुस्त्या खेळत. नटमंडळींतला माणूस आणून हा मास्तर झाला नसता.

शिक्षक श्रोत्यांना मात्र मी दुसराच एक प्रसंग सांगेन. इंग्रजीचा तास. फार्दिंग नावाचे मास्तर. घडलेली गोष्ट आणि रचलेली गोष्ट यांतला फरक शिकवताहेत. बिलीचे लक्ष नाही. त्याला उभे करतात आणि घडलेले काही सांग म्हणतात. तो गप्प. वर्गातलेच एक पोर सुचवते, सर, त्याला ससाण्याविषयी विचारा. मग बिली हळूहळू बोलू लागतो. पायातल्या पट्ट्या, कडी, दोरी. फार्दिंग शब्दांचे अर्थ विचारतात, स्पेलिंग फळ्यावर लिहायला लावतात. आणि ज्या पोराला शाळेत कोणी विचारीत नाही, तो फळ्यापाशी उभा राहून सबंध वर्गाला शिकवतो आहे आणि वर्ग चिडीचूप ऐकतो आहे, असे आपल्याला दिसते. पुढे हे मास्तर त्याचा ससाणा उडताना पाहायला माळावर जातात. एवढेच करतात. बिलीचे आयुष्य ते काही बदलू शकत नाहीत. याच शाळेत हेडमास्तरांच्या खोलीबाहेर छडी खायला मुले रांगेत उभी असतात. त्या रांगेत नुसता निरोप घेऊन आलेला एक लहानगाही सापडतो आणि त्याचे काही ऐकून न घेता त्यालाही छडी बसते.

शेवट सांगतो. बिलीचा थोरला भाऊ खाणीत जाणारा. तो घोड्यांच्या शर्यतीवर लावायला बिलीजवळ पैसे देतो. बिली ते पैसे खर्च करून टाकतो आणि नेमके ते घोडे जिंकतात. थोरला चिडून ससाण्याला मारतो आणि कचऱ्याच्या डब्यात टाकतो. बिली त्याला उकरून काढतो, मातीत पुरतो. चित्रपट तिथेच थांबतो. कादंबरी मात्र आणखी पुढे जाते. बिली रात्री एका ओसाड सिनेमागृहात शिरतो, तिथे त्याला घर सोडून गेलेला बाप आठवतो. पटकथेत हे काढून टाकले. काय लिहावे याइतकेच काय गाळावे हेही पटकथाकाराला कळावे लागते. मला स्वतःला चित्रपटाचा शेवट अधिक पटतो. सांगतात की, अमेरिकेतील डिस्ने कंपनीला ही कथा हवी होती, पण ससाणा जगला पाहिजे अशी अट होती. हाइन्स यांनी नाही म्हटले.

चित्रपटातली माणसे बार्न्सलीच्या बोलीत बोलतात. ती बोली बाहेरच्यांना कळणार कशी, अशी पैसेवाल्यांना धास्ती, म्हणून काही संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागले. तो प्रथम उत्तर इंग्लंडमधील मोजक्या चित्रपटगृहांतच लागला. लोकांनी तो उचलून धरला. फार्दिंग मास्तर झालेल्या कॉलिन वेलंड यांना आणि लहान ब्रॅडलीला ब्रिटिश अकादमीची पारितोषिके मिळाली. १९९९ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने शंभर उत्तम ब्रिटिश चित्रपटांची यादी केली, तीत ‘केस’ सातवा आला.

पुढे हाइन्स यांनी खाणकामगारांवर ‘द प्राइस ऑफ कोल’ लिहिले, बेकार तरुणांवर ‘लुक्स अँड स्माइल्स’ लिहिले. १९८४ साली अणुयुद्धाने शेफील्ड शहराचे काय होईल हे दाखवणारा ‘थ्रेड्स’ बीबीसीने दूरदर्शनावर दाखवला, तोही त्यांच्याच लेखणीतला. तो पाहून अनेकांची झोप उडाली. पण आपल्या विषयाला जवळचे आहे ते एक छोटे नाटक, ‘टू मेन फ्रॉम डर्बी’. एक तरुण खाणकामगार फुटबॉल फार सुंदर खेळतो. डर्बीच्या मोठ्या क्लबाची दोन माणसे त्याच्याशी करार करायला घरी येतात. बायको त्यांना बसवते, बोलण्यात गुंतवते, दाराकडे बघत राहते. नवऱ्याचा पत्ता नाही. तो येतच नाही. मैदान नाही, गोल नाही, एक खोली आणि वाट पाहणारी बाई. खालच्या फळीतल्या खेळाडूचा सगळा जन्म त्यात आला आहे.

स्टॉक्सब्रिज वर्क्सचे नाव मी मघाशी घेतले. १९८६ साली तो क्लब दुसऱ्या एका क्लबात मिळवून स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स हा संघ झाला. शेफील्डच्या मोठ्या क्लबाने सोळाव्या वर्षी काढून टाकलेला जेमी वार्डी नावाचा पोरगा या संघात आला. आठवड्याला ३० पौंड मिळत आणि पोटासाठी तो कारखान्यात काम करी. २०१२ साली लेस्टर सिटीने त्याला १० लाख पौंडांना घेतले आणि २०१६ साली लेस्टर चक्क इंग्लंडचा विजेता झाला. त्याच्यावर चित्रपट काढण्याची बोलणी लगेच सुरू झाली. साहजिकच आहे. चाळणीतून उलटा वर चढलेला माणूस कोणाला आवडणार नाही? पण तसे वर चढणारे किती? हाइन्स यांनी लेखणी चालवली ती न चढलेल्यांसाठी. बिली कॅस्परला पंधराव्या वर्षी नोकरी लावून देणाऱ्या कचेरीत पाठवतात, तेव्हा तो एवढेच सांगू शकतो की मला खाणीत जायचे नाही.

आणि तो धाकटा भाऊ रिचर्ड? अकराव्या वर्षी नापास ठरलेला हा मुलगा मोठेपणी माहितीपट काढू लागला आणि शेफील्डच्या विद्यापीठात शिकवू लागला. २०१६ साली, बॅरी वारले त्याच वर्षी, त्याचे पुस्तक निघाले. त्या जुन्या ससाण्याचे, खऱ्याखुऱ्या, वाड्याच्या भिंतीतून आणलेल्या.